वाकळीचं पोट

उंदरानं एक कोपरा कुरतडला नसता तर ती वाकळ मी कधी उसवली नसती. गडहिंग्लजजवळच्या आमच्या घराच्या माळ्यावर, रिकाम्या कणगीमागे ती गुंडाळून ठेवलेली होती. दिवाळीनंतर माळा झाडताना खाली काढली आणि खांदा भरून आला. पुण्यात पांघरतो ती दुलई एका हातानं झटकता येते. हिला उन्हात घालायची तर दोन माणसं लागतात, एक या टोकाला आणि एक त्या. कुरतडलेल्या कोपऱ्यातून पाच-सहा रंग एकाखाली एक डोकावत होते. मी नुसतं ठिगळ लावणार होते. पण खालचा रंग कुठला ते बघू म्हणून एक टाका कापला, मग दुसरा.

आई उंबऱ्यावर बसून तांदूळ निवडत होती. म्हणाली, "उसवतीस कशाला? वरनं एक लुगडं घाल की."

तिचं बरोबर होतं. आमच्याकडे वाकळ उसवतच नाहीत. ती विरली, विटली की तिच्यावरच नवं कापड घालून पुन्हा टाके घालतात. जुनी वाकळ नव्या वाकळीच्या पोटात जाते. बाहेर दिसते ती नात, आत निजलेली असते आजी, आणि तिच्याही आत तिची सासू. वजन उगाच येत नाही.

शब्दाचं आधी सांगते. पुण्यात हिला गोधडी म्हणतात, आणि तो शब्द आता शहरात चांगलाच प्रतिष्ठित झालाय. आमच्याकडे वाकळ. आंबोली घाट उतरून सावंतवाडीकडे गेलात, पुढे गोव्यात गेलात, तरी वाकळच. पूर्वेला संकेश्वर ओलांडून कानडी कानावर पडायला लागली की कौदी. आजीच्या तोंडी तिन्ही शब्द होते. पाहुण्यांपुढे गोधडी, घरात वाकळ, आणि संकेश्वरच्या बाजारातल्या बाईशी बोलताना कौदी. तिचा जन्म चंदगड तालुक्यातला. तेव्हा तो बेळगाव जिल्ह्यात मोडायचा. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली आणि तालुका कोल्हापूर जिल्ह्यात आला. त्यावर ती म्हणायची, "मी कुठं हललो? जिल्हाच हलला." (आमच्याकडच्या बायका स्वतःबद्दल बोलताना 'आलो, गेलो' म्हणतात. पुण्यात माझी 'आले, गेले' करता करता शाळेची दोन वर्षं गेली.)

तर उसवणं. सगळ्यात वरचा थर माझ्या ओळखीचा. मामाच्या टेरिकॉटच्या शर्टाच्या पाठी, आईची नायलॉनची एक साडी, माझा शाळेचा निळा पिनाफोर. ऐंशीच्या दशकातला हा ऐवज. हात लावला की कळतं, हे कापड म्हातारं होतच नाही. सुती लुगडं धुऊन धुऊन सायीसारखं होतं. टेरिकॉट चाळीस वर्षांनीही तसंच, करकरीत आणि परकं. वरच्या थराचे टाके जागोजागी तुटले होते, पण कापड शाबूत. त्याच्या खालच्या थरात उलटं होतं. कापड विरून जाळी झालेलं आणि टाके मात्र धरून बसलेले.

त्या दुसऱ्या थरात माझे आजोबा सापडले. ते मुंबईत लालबागला राहायचे, गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर. एका खोलीत बारा-पंधरा जणांचा गाळा, पाळीनं झोपायचं, खानावळीत जेवायचं, गणपतीला आणि शिमग्याला गावी यायचं. येताना फडक्यांचे तुकडे आणायचे. त्यातलाच एक मांजरपाटाचा तुकडा वाकळीत अस्तर होऊन बसला होता, आणि त्याच्या काठावर निळ्या शाईचा शिक्का. अक्षरं पुसली होती, आकडा थोडा शिल्लक होता. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख माणसं घरी बसली. तो संप मागे घेतल्याचं कुणी रीतसर जाहीर केलं नाही. तो नुसता विरला. आजोबा त्या उन्हाळ्यात एक पत्र्याची ट्रंक घेऊन आले ते परत गेले नाहीत. घरात त्या विषयावर फारसं कुणी बोललं नाही. पण हिशेब करून बघितलं, तर मांजरपाटाच्या वर घातलेला तो टेरिकॉटचा थर त्यानंतरच्या वर्षाचा आहे. मुंबईहून येणारं कापड थांबलं, मग घरातल्या पोरांचे कपडे उसवून वाकळ पुरी केली. आजोबांनी सांगितलं नाही ते आजीनं शिवून ठेवलं होतं.

त्याखाली इचलकरंजीची लुगडी. १९०४ साली तिथं पहिला यंत्रमाग बसला आणि पुढं ते गावच मागांच्या आवाजावर निजायला-उठायला लागलं. बाजारच्या दिवशी गाठोडी घेऊन आमच्या बाजूला कापडवाले यायचे. त्या लुगड्याला आतून दंड घातलेला होता. दंड घालणं म्हणजे विरलेला मधला भाग कापून टाकून दोन्ही धड बाजू जोडणं. हे एवढं नीट शिवलेलं, की नेसल्यावर निऱ्यांत लपून जावं.

आणखी खाली गेले तेव्हा कात्री बाजूला ठेवून मी थोडा वेळ नुसती बसून राहिले. तिथं दुसरी, लहान वाकळ होती, आख्खी, चारी बाजूंनी शिवलेली. तिच्यावर इरकलीचा पदर. इरकल म्हणजे आताच्या बागलकोट जिल्ह्यातलं इलकल. तिथले विणकर अंगाच्या सुताला पदराचं सूत फासे अडकवून जोडतात, म्हणून अंग सुती आणि पदर रेशमी असं जमतं. लाल पदरावर देवळाच्या कळसासारखे पांढरे दात. शेजारी गुळेदगुड्डच्या खणाचा एक त्रिकोण, चोळीच्या बाहीतून उरलेला. आणि एका कोपऱ्यात जाडंभरडं, न रंगवलेलं कापड. आईनं तांदळाचं सूप बाजूला ठेवलं, बोटानं चाचपलं आणि म्हणाली, "कंट्रोलचं." दुसऱ्या महायुद्धात कापड मिळेनासं झालं, १९४३ साली सरकारनं त्यावर नियंत्रण आणलं, आणि 'कंट्रोलचं कापड' हा शब्द आमच्या गावातल्या अडाणी बायकांच्याही तोंडी कायमचा बसला. आजी तेव्हा परकरात होती. म्हणजे ही आतली वाकळ तिची नाही. तिच्या आईची. लग्नात तिनं ती माहेराहून आणली असणार.

आजीला वाकळ शिवताना मी बघितलंय. सुगी संपली, शेतातली कामं थांबली की चैत्र-वैशाखात हे काम निघायचं. सोपा, म्हणजे घराची पुढची ओसरी, सारवून वाळला की ती खाली लुगडं ताणून अंथरायची आणि चार कोपऱ्यांवर वजनं ठेवायची, एकीकडे वरवंटा, एकीकडे अडकित्त्याचं पानाचं तबक, जे हाताला येईल ते. मग आतलं भरण, मग वरचं कापड. टाके सरळ रेघांत घालत नसत. एका कोपऱ्यापासून सुरुवात करून कडेकडेनं पूर्ण चौकोन फिरायचा, त्याच्या आत दुसरा, त्याच्या आत तिसरा. चौकात चौक करत शेवटचा टाका बरोबर मधोमध पडायचा. गल्लीतल्या तिघी-चौघी यायच्या, एकेक बाजू धरून बसायच्या. प्रत्येकीचा टाका निराळा. एकीचा गव्हाएवढा, एकीचा घाईचा, लांब, एकीचा कायम डावीकडे झुकलेला. त्या तिरक्या टाक्यावरून आई अजून सांगते, ही बाजू अमकीनं शिवली, तेव्हा तिला दिवस गेले होते. कुणाची सून नांदायला आली नाही, कुणाच्या वाटणीत विहीर गेली, हे सगळं त्या चौकांभोवती बसून बोललं जायचं. मी लुडबुड करत सुया ओवून द्यायचे.

शेवटचा, हाताच्या पंजाएवढा चौक उरला की आजी उठायची, तांदळाचे पाच दाणे आणून आत ठेवायची आणि तोंड शिवून टाकायची. "उपाशी वाकळ ऊब देत नाही," म्हणायची. मी बरीच वर्षं समजत होते की हे आमच्या घराचंच खूळ आहे. पुढे कळलं, कर्नाटकात हल्याळ-यल्लापूरच्या रानात राहणाऱ्या सिद्दी बायकाही त्यांच्या गोधडीच्या, म्हणजे कवंदीच्या शेवटच्या ठिगळाखाली तांदळाचे दाणे ठेवतात. पोर्तुगीजांनी आफ्रिकेतून गुलाम करून गोव्यात आणलेली माणसं, त्यातली कित्येक पळून घाटावरच्या जंगलात शिरली, त्यांचे हे वंशज. बोली कोकणी, तिच्यात मराठी आणि कानडी कालवलेली. कवंदीच्या कोपऱ्यांना ते चिंधीची घडी घालून उठावदार फुलं लावतात. फुलांशिवाय कवंदी त्यांना उघडीबोडकी वाटते. हल्याळ आणि आजीचं माहेर यांत अंतर काही फार नाही. कुणी कुणाकडून घेतलं ते शोधायच्या भानगडीत मी पडत नाही. एकाच रानाच्या दोन बाजूंना बायका गोधडीला जेवू घालत होत्या, एवढं मला पुरतं.

आता पिंगुळीचं सांगायला हवं, कारण या कापडांकडे असं बघायला मी तिथं शिकले.

पिंगुळी कुडाळला लागून आहे. आमच्याकडून आजरा, आंबोली, सावंतवाडी असं उतरत गेलं की दुपारच्या आत पोचतो. तिथले ठाकर चित्रकथी सांगतात. जाड कागदावर काढलेली चित्रं, दोन चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवलेली, म्हणजे एक पान उलटलं की गोष्टीतला पुढचा प्रसंग. अशा पानांच्या गठ्ठ्याला पोथी म्हणतात. पोथी म्हटल्यावर आपण अक्षरं शोधतो, पण गोष्ट तिथं लिहिलेली नसते. ती सांगणाऱ्याच्या गळ्यात असते. रामायण, महाभारत, त्यातही आपण शाळेत न शिकलेली प्रकरणं, अहिरावण-महिरावणासारखी. चित्रांतून गोष्ट सांगणाऱ्यांचा उल्लेख चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकातल्या 'मानसोल्लास' या संस्कृत ग्रंथात आहे. पिंगुळीच्या कलेला सावंतवाडीच्या संस्थानानं आसरा दिला, देवळांतून, उत्सवांतून ती चालत राहिली. संस्थानं गेली, रेडिओ आला, टीव्ही आला. पुढचं सांगायला नको. परशुराम गंगावणे यांनी घरच्या गोठ्यात या सगळ्याचं संग्रहालय उभं केलं, ठाकर आदिवासी कला आंगण. २०२१ साली त्यांना पद्मश्री मिळाली. चित्रकथीबरोबर कळसूत्री बाहुल्या आणि कातड्याच्या छायाबाहुल्याही तिथं आहेत.

अशी चित्रं मी त्याआधी शहरातल्या एका संग्रहालयात बघितली होती, काचेमागे, नीट प्रकाशात. एका बाजूनं काढलेले चेहरे, मोठाले टपोरे डोळे, युद्धाच्या चित्रात आभाळभर बाण. खाली पाटी : पैठण शैली. छान, म्हणून पुढं गेले. खरं सांगायचं तर मला ती सगळी सारखीच वाटली होती.

पिंगुळीत तसंच चित्र एका फळीला टेकवून ठेवलं होतं. सांगणारा मांडी घालून बसलेला, हातात वीणा, शेजारी एक जण हुडूक घेऊन, एक टाळ घेऊन. हुडूक म्हणजे डमरूच्या जातीचं छोटं वाद्य. त्यानं गायला सुरुवात केली, मध्येच गाणं सोडून बोलायला लागला, बोलता बोलता चित्रातल्या एका माणसावर बोट ठेवलं, आणि मला खरंच वाटलं की तो माणूस आता मान वळवणार. पानाची एक बाजू संपली. त्यानं पान उलटलं. मागे तेच राक्षस, पण पडलेले. पाठीला पाठ. एका कागदाच्या जाडीएवढ्या अंतरावर जिवंत आणि मेलेला.

कार्यक्रमानंतर मी त्याला विचारलं, एखादं पान फाटलं तर काय करता? तो म्हणाला, पान गेलं तरी गोष्ट जात नाही, मी ते पान तोंडानं दाखवीन. जरा थांबून म्हणाला, "पण मी गेलो तर पानां काय करतली?"

माळ्यावरून काढलेली वाकळ उसवताना तो प्रश्न सारखा आठवत होता. कारण मी जे वर सांगितलं, इरकल आणि कंट्रोल आणि लालबाग, त्यातलं अर्धं मला कापडानं नाही सांगितलं. आईच्या बोटांनी सांगितलं. ती नसती तर माझ्यापुढं चिंध्यांचा ढीग होता. कोल्हापूर संस्थानाचा इतिहास लिहिलेला आहे, गिरण्यांच्या संपावर पुस्तकं आहेत, सीमाप्रश्नाचे तर खटले चालू आहेत. आजीच्या आईचं नाव मात्र कुठल्याही सातबाऱ्यावर नाही. तिची म्हणून एवढीच एक वस्तू आहे, आणि ती वाचता येणारी बाई आता पंच्याहत्तरीची आहे.

नव्या वाकळी का होत नाहीत, याची कारणं लोक फार उदास होऊन सांगतात. मला वाटतं, निम्मं कारण बोहारीण आहे. स्टेनलेस स्टील आलं आणि जुन्या साड्यांना भाव आला. तीन साड्या आणि एक पँट दिली की एक पातेलं. आईनं लग्नातली अर्धी लुगडी अशीच घालवली, आणि त्या डब्यांत अजून डाळी आहेत, तेव्हा मी तिला बोलू शकत नाही. उरल्या त्या सिंथेटिक साड्या, त्या वाकळीला चालत नाहीत, घसरतात. शिवाय चौघींना एकाच दुपारी मोकळा वेळ हवा, तो कुठून आणणार? आता बचत गटांच्या बायका गोधड्या करून विकतात, मी घेतल्याही आहेत. नव्या कापडाच्या, रंग जुळवलेल्या, हलक्या. त्यांना मजुरी मिळते हे चांगलंच आहे. फक्त त्या गोधडीत कुणीच निजलेलं नसतं. एका रिसॉर्टच्या भिंतीवर मी गोधडी चौकटीत टांगलेली बघितली. खाली पडवीत पाहुणे गारठत होते.

या सगळ्या उसवाउसवीत एक तुकडा मात्र भांडण लावून गेला. आतल्या वाकळीच्या कडेला खाकी ड्रिलचं एक चौकोनी ठिगळ होतं. गुंडीचं भोक शिल्लक, गुंडी नाही. आई लगेच म्हणाली, हे आजीच्या चुलत्याचं, ते पलटणीत होते, मोठ्या लढाईत समुद्रापलीकडे गेलेले. "मी सोता बघितलोय त्यांना, पाय ओढत चालायचे." आमच्या भागातली माणसं मराठा पलटणींत होतीच. त्या पलटणी इटलीपर्यंत लढल्या, तेव्हा यात अशक्य काही नाही. संध्याकाळी मावशीला फोन लावला. मावशी म्हणाली, "पलटण कुठली! ते टपाल वाटायचे. पाय ओढायचे ते विंचू चावल्यापासनं." आईनं माझ्या हातातला फोन घेतला. पुढची वीस मिनिटं मी ऐकण्यासारखं काही नव्हतं, किंवा फारच होतं.

माझी मुलगी नऊ वर्षांची आहे. तिला हे भांडण भारी आवडलं. ती पिंगुळीला माझ्याबरोबर होती. तेव्हापासून ती दिसेल त्या माणसाला एका बाजूनं काढते आणि डोळा कानापर्यंत नेते. तिनं वही घेतली आणि वाकळीतल्या एकेका तुकड्याचं चित्र काढायला बसली. मांजरपाटाचं चित्र काढताना विचारलं, आजोबांचा गाळा केवढा होता? मला सांगता येईना. आई म्हणाली, या सोप्याच्या निम्मा, आणि उठून पावलं टाकून दाखवली. बारा माणसं कशी झोपायची हे दाखवायला ती जमिनीवर आडवी झाली आणि पोरीला शेजारी झोपवलं. "आता कूस बदल बघू." बदलता येईना, कारण आईनं जागाच तेवढी ठेवली होती.

रात्री मी आतल्या वाकळीच्या मधल्या चौकापर्यंत पोचले. बोटाखाली काहीतरी कडक लागलं, बारीक, दाण्यासारखं. तांदूळ असतील. नाहीतर दोऱ्याची गाठ असेल. ऐंशी वर्षांत तांदळाचं काय होतं, कीड खाते का, की कापडात पीठ होऊन बसतं, देव जाणे. मी कात्रीचं टोक टाक्याखाली घातलं.

"नको," आई म्हणाली. "पोट हाय ते."

मी कात्री काढून घेतली. मग दोघी बसलो, तिनं एक बाजू धरली, मी एक, आणि सगळे थर होते त्याच क्रमानं परत घातले. मी सुई ओवून दिली, तिला आता दिसत नाही. माझा टाका आईनं दोनदा उसवायला लावला. सगळ्यात वर कुठलं कापड घालायचं यावर जरा अडलं, कारण माझ्या कपाटात सुती असं फार नाही. शेवटी एक इंदुरी साडी दिली, नोकरीच्या पहिल्या पगाराची, जरा जीव वर-खाली करून. कुरतडलेला कोपरा आत गेला. वजन आणखी पावशेरभर वाढलं असेल.

खाकी तुकड्यासाठी पोरीनं दोन चित्रं काढली. एकात बंदूक घेतलेला, दुसऱ्यात टपालाची पिशवी घेतलेला, दोघांचाही डोळा कानापर्यंत आणि दोघांचाही एक पाय वाकडा. मग स्वयंपाकघरातून भाताची पेज आणून तिनं दोन्ही कागद पाठीला पाठ लावून चिकटवले आणि वाळायला पाटाखाली ठेवले. ते पान आता देवघराशेजारच्या कोनाड्यात उभं आहे. एरवी शिपाई बाहेर असतो. परवा मावशी चार दिवस राहायला आली, तेव्हा सकाळी उठून बघते तो टपालवाला. मावशी गेली त्या दिवशी दुपारपर्यंत तो तसाच होता. मग आईनं जाता जाता पान उलटलं.